तिकिटावरचं आडनाव

२ मार्च

दादा,

तीर्थरूप आणि साष्टांग वगैरे घालणार नव्हते, पण तुला लिहायला बसले की हात आपोआप तसा वळतो, म्हणून घातलंच असं समज. फोन तू उचलत नाहीस. वहिनीकडे निरोप दिला तर तो अर्धा वाटेतच गळतो, कारण ती बिचारी माझं बोलणं तुझ्यासाठी गोड करते आणि तुझं माझ्यासाठी. म्हणून पत्र. पत्राला मधेच थांबवून "पुरे झालं" म्हणता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. तू किराण्याच्या पावत्यासुद्धा फाडत नाहीस.

तिकीट मिळालं. इतक्या वर्षांनी तू माझ्यासाठी काहीतरी केलंस, तेही विमानाचं, हे बघून मी हातातलं काम टाकून बसले. ज्या खुर्चीवर बसले ती दुकानात दुरुस्तीला आलेली, तिला अजून कापड चढवायचं होतं, वर नुसता काथ्या होता. तो टोचत होता तरी बसून राहिले. मग तिकिटावरचं नाव वाचलं आणि उठले.

ते माझं नाव नाही, दादा. होतं, लग्नाच्या दिवसापर्यंत. तू तिकिटावर माहेरचं आडनाव घातलंस. माझ्या पासपोर्टवर, राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर, दुकानाच्या पाटीवर आणि विजेच्या बिलावर माझ्या नवऱ्याचं आडनाव आहे. हे तुला माहीत नाही असं म्हणू नकोस. लग्नाची पत्रिका मी तुलाच पहिली पाठवली होती.

तुझ्याकडून नजरचुकीने झालं असेल असं मी दिवसभर मनाला समजावलं. पण तू आणि नजरचूक? दुकानदाराने वजनात चिमूटभर कमी दिलं तर परत जाणारा माणूस तू.

आता विषय समजून घे. तू या देशाचा नागरिक झालास, तुला या गोष्टी विसरायला झाल्या असतील. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बाईला देशातल्या देशात विमानात चढायचं असलं तरी काउंटरवर एकच गोष्ट बघतात. तिकिटावरचं नाव आणि हातातल्या ओळखपत्रावरचं नाव एक आहे का. इथे जन्मलेल्याचं काही मागेपुढे झालं तर हसून सोडून देतात. आपलं कार्ड मात्र उजेडात धरतात, उलटं करतात, नखाने खरवडून बघतात. माझ्या कार्डाची तर तारीखही उलटून गेली आहे. नूतनीकरणाचा अर्ज केलाय आणि त्याच्या उत्तरापर्यंत चालेल असं एक पत्र त्यांनी दिलंय. जुनं कार्ड आणि ते पत्र दोन्ही एकत्र दाखवलं की मी इथली. पण देशाबाहेर पाऊल टाकलं की अर्ज बाद, आणि परत येण्याचा रस्ता बंद.

म्हणजे तुझ्याकडे आलेली आई मायदेशी परत गेली की मी तिच्या मागे जाऊ शकत नाही. तिलाही आता पुन्हा इकडे येता येणार नाही. तिच्या व्हिसाची मुदत वाढवून मिळाली नाही, महिना संपायच्या आत तिला निघायचंय, आणि हा एवढा लांबचा प्रवास शेवटचा असं डॉक्टरांनी सांगितलंय. हे सगळं वहिनीने सांगितलं, आणि या वेळी तिने गोड केलं नव्हतं. तुझ्या गावी येऊन तिला भेटायचं हे एकदाच आहे. पुन्हा नाही.

तेव्हा एक फोन कर. ज्याने तिकीट काढलं त्यानेच नाव दुरुस्त करून मागायचं असतं, मी विचारून घेतलंय. माझं पूर्ण नाव सांग. तुला ते उच्चारायला जड जाईल, तर लिहून पाठव.

तुझी धाकटी

११ मार्च

दादा,

वहिनीचा फोन आला. तुझा निरोप कळला. तिने तो पाठ करून म्हटला, कारण तू शेजारीच बसला असणार. "आपल्या नावाने येत असेल तर घरची मुलगी म्हणून दार उघडं आहे. दुसऱ्या नावाच्या बाईचं इथे काम नाही. तो माणूस गेला, आता ते नाव कशाला धरून बसायचं? लग्नाचा दाखला जवळ ठेव, कोणी विचारलं तर दाखव."

म्हणजे ती चूक नव्हती. तो तुझ्या दाराचा उंबरठा होता, तिकिटावर छापलेला.

बरं झालं स्पष्ट बोललास. मीही बोलते.

तो माणूस तुझ्या घरी का आला होता हे तुला आठवतंय? तुझ्या हिरव्या सोफ्याच्या स्प्रिंगा बसल्या होत्या म्हणून. मी तेव्हा या देशात नवी, तुझ्या आधाराने आलेली, तुझ्या स्वयंपाकघरात उभी. तू ऑफिसला जाताना मला सांगून गेलास, "तो सोफेवाला येईल, नजर ठेव, ही माणसं आतला फोम बदलतात आणि जुनाच ठेवतात." मी नजर ठेवली. तुझी आज्ञा पाळली एवढंच म्हण.

त्याने सोफा उलटा केला, खालचं कापड उसवलं आणि आतून निघालेलं सगळं एका बशीत मांडलं. तुझा हरवलेला पेन, वहिनीची एक कुडी, शेंगदाण्याची टरफलं. ती कुडी त्याने आधी पुसली आणि मग माझ्या हातात दिली. ओठांत बारीक खिळे धरले होते, त्यामुळे बोलता येईना, नुसता मानेने म्हणाला की ठेव. मला हसू आलं. इतकंच घडलं त्या दिवशी. तू मात्र पुढे सगळ्यांना सांगत सुटलास की सोफा दुरुस्त करायला आला आणि बहीण घेऊन गेला. विनोद चांगला आहे. मीही गिऱ्हाइकांना सांगते. फरक इतकाच की ते हसतात.

तुला त्याचं काय खुपलं ते मला कधीच नीट कळलं नाही. तो आपल्यातला नव्हता, त्याची भाषा वेगळी, त्याच्या हाताला गोंदाचा वास यायचा, यातलं नेमकं काय? तू कधी सांगितलं नाहीस. नुसता बोलायचा थांबलास. तो आजारी पडला तेव्हा मी कळवलं. तो गेला तेव्हाही कळवलं. वहिनीने फोनवर रडून घेतलं. तू मागून विचारत होतास, "कोणाचा फोन आहे?" मला ऐकू आलं होतं.

तो गेल्यावर मी परवान्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी फार मायेने विचारलं, "तुम्हाला पूर्वीचं आडनाव परत घ्यायचं आहे का? आता सोपं आहे, एक अर्ज भरा. पुष्कळ बायका घेतात." मी म्हटलं, नको. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून हळूहळू, मोठ्या आवाजात पुन्हा सांगितलं. मीही हळूहळू, मोठ्या आवाजात सांगितलं, नको. रांगेतली माणसं बघायला लागली.

का नको ते तुला सांगते, त्यांना सांगितलं नाही. या देशात त्याचं माझ्याशिवाय कोणी नाही. मूल नाही. हे आडनाव मी सोडलं तर तो इथे येऊन गेल्याची खूण उरणार नाही. लोकांच्या घरातल्या सोफ्यांच्या पोटात त्याची शिवण आहे, पण ती कोण उसवून बघणार? तो झालाच नव्हता असं तुला हवं आहे. तिकिटावर तू तेच लिहिलंस.

माझ्या नावाचा निर्णय मी करणार. मला दार नको, मला आई हवी आहे. तुझ्या या तिकिटावर मी येणार नाही. ते तुझ्याकडेच ठेव, पावत्यांच्या फाइलमध्ये.

धाकटी

१९ मार्च

दादा,

मी गेले होते.

येणार नाही म्हणून ठणकावून लिहिलं आणि तरी तुझंच तिकीट घेऊन विमानतळावर गेले. हसशील तर हस. आईचा आवाज फोनवर ऐकला आणि ठणकावणं कुठल्या कुठे गेलं. ती म्हणाली, "तू ये गं फक्त. नावाबिवाचं मी बघते." म्हटलं, ठीक आहे, मान तुकवू एकदा. पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण तू त्या बाजूला होतास. या बाजूला काय झालं ते वाच.

दुकानाला कुलूप घातलं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची आरामखुर्ची अर्धवट होती, त्यांना सांगितलं की आईला भेटायला जातेय, आल्यावर देते. ते म्हणाले, "खुर्ची कुठे पळून जाते?" माझ्या पर्समध्ये पासपोर्ट, कार्ड, कार्डाचं पत्र आणि लग्नाचा दाखला होता. मी ते चारही कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घातले होते. सगळे कागद बाळगणारी बाई सगळ्यांत संशयास्पद दिसते हे मला रांगेत उभं राहिल्यावर कळलं.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती, केस घट्ट बांधलेली. तिने पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं, परत पासपोर्ट बघितला.

"हे तिकीट तुमचं नाही."

"माझंच आहे. ते लग्नाआधीचं आडनाव आहे. हा दाखला बघा."

तिने दाखला खरंच वाचला. तिला दोष देणार नाही. मग म्हणाली, "हे बँकेत चालेल. इथे तिकीट आणि ओळखपत्र, बस. मधे तिसरा कागद चालत नाही. या नावाचं दुसरं काही ओळखपत्र आहे का?"

माझा जुना पासपोर्ट आहे, कोपरा कापलेला, रद्द झालेला. तो मी मुद्दामच घरी ठेवला होता. तो दाखवला असता तरी चाललं नसतं, पण ठेवून आले याचा मला तिथे उभ्या उभ्या अभिमान वाटला. मूर्खपणाचा असेल. वाटला.

मी नाव दुरुस्त करा म्हटलं. ती म्हणाली, "तिकीट ज्यांनी काढलं त्यांची संमती लागते. त्यांचा नंबर इथे आहे. मी विचारते." आणि तिने फोन लावला. स्पीकरवर, कारण तिला दोन्ही हातांनी टाइप करायचं होतं. माझा नंबर तू उचलत नाहीस, पण अनोळखी नंबर उचललास. इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला, दादा. थोडा जाड झालाय. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की याला सर्दी झाली आहे.

तिने विचारलं, "तुम्ही काढलेल्या तिकिटावर प्रवास करणाऱ्या बाईंचं नाव अमुक असं आहे का?" आणि माझं नाव वाचलं, पूर्ण, पासपोर्टवरून. तिने आडनावसुद्धा बरोबर उच्चारलं, पहिल्या झटक्यात.

तू म्हणालास, "अशा नावाच्या कोणालाही मी ओळखत नाही."

एवढंच. आणि फोन ठेवलास.

त्या मुलीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने माझे कागद पिशवीत नीट घातले, पिशवीची चेन ओढली आणि ती माझ्याकडे सरकवली. मागे उभा असलेला बाप्या म्हणाला, "चला हो ताई, लवकर." मी वळले आणि त्याला म्हटलं, "तुमचं नाव जुळतंय ना? मग गप्प बसा." बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तुझं त्याला मिळालं.

मी रडले नाही. बाथरूममध्ये पाच मिनिटं तोंड धुतलं असं म्हण. मग तिकीट विकतात त्या खिडकीशी गेले आणि माझ्या नावाचं तिकीट मागितलं, माझ्या पैशाने. तुझ्या गावाला जाणारी महिनाअखेरपर्यंतची सगळी विमानं भरलेली होती. सुट्ट्या लागल्यात म्हणे. बस आहे, पण ती वाटेत शेजारच्या देशातून जाते, आणि हद्द ओलांडली की माझा अर्ज बाद.

दुकानात परत आले तर ते म्हातारे गिऱ्हाईक दारात उभे. म्हणाले, "इतक्यात भेटून आलात?" मी त्यांची खुर्ची उलटी केली आणि कामाला लागले. एवढे खिळे मारले आहेत तिच्यात की ती आता शंभर वर्षं टिकेल.

तू मला ओळखत नाहीस, ठीक आहे. मी तुला ओळखते. तू इतका निर्दय नाहीस, फक्त हट्टी आहेस, आणि तो हट्ट आता तुझा तुलाच उतरवता येत नाही. पण त्यापायी आई माझ्यापासून तोडू नकोस. ती तुझी एकट्याची नाही.

माझ्या नावासकट,
तुझी बहीण

२५ मार्च

दादा,

आईने तुझी भंबेरी उडवली असं ऐकते. वहिनी सांगत होती आणि या वेळी ती हसत होती, म्हणजे तू घरात नव्हतास.

म्हणे आईने बॅग भरली, दाराजवळ ठेवली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "मी लेकीच्या गावावरून जाणार. नाहीतर जाणारच नाही. पोलिस येऊ देत." तू म्हणालास, "आई, मुदत संपली तर तुला पकडतील." तर ती म्हणाली, "पकडू देत. त्यांना सांगेन, माझ्या मुलाला विचारा, तो सगळ्यांना ओळखत नाही म्हणतो, मलाही नाही म्हणेल." हे ती खरंच म्हणाली का वहिनीने माझ्यासाठी घातलं, मला माहीत नाही. घातलं असेल तर वहिनीला माझा नमस्कार सांग.

ते काही असो, तू तिचं तिकीट बदललंस. तिला मायदेशाच्या मोठ्या विमानासाठी वाटेत कुठेतरी विमान बदलायचंच होतं, ते आता माझ्या शहरात बदलणार आणि मधे दोन दिवस माझ्याकडे. यासाठी मी तुझे आभार मानते, आणि मनापासून मानते. तुझ्याकडून एवढं झालं हे थोडं नाही.

आता एकच सांगायचंय, आणि ते नीट वाच.

तिला चालवत नाही म्हणून तू व्हीलचेअर मागितली आहेस. मी विमानतळावर चौकशी केली. खुर्ची ढकलणारा माणूस आईला विमानातून बाहेर आणेल आणि तिला घ्यायला येणाऱ्याच्या ताब्यात देईल. तो कोण, ते तू बुकिंग करताना लिहायचंय. तेच नाव त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर येतं. तो माझं ओळखपत्र मागेल आणि चिठ्ठीशी ताडून बघेल. म्हाताऱ्या माणसांना कोणीही घेऊन जाऊ नये म्हणून हा नियम आहे, चांगला नियम आहे.

तिथे तू माझं नाव लिही. जे आहे ते. माझ्यावर उपकार म्हणून नको, मला मान देण्यासाठी तर अजिबात नको. नाव जुळलं नाही तर आई परक्या शहरात, परक्या भाषेत, चाकाच्या खुर्चीत बसून राहील आणि मी काचेपलीकडे उभी असेन. तुझं भांडण माझ्याशी आहे. तिला त्यात ओढू नकोस.

मी आडनाव सोबतच्या वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. बघून लिहायला सोपं जाईल.

धाकटी

३१ मार्च

दादा,

आई आज गेली. मोठ्या विमानात बसली, खिडकीपाशी जागा मिळाली. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती घरी पोचलेली असेल, आणि शेजारणीला आपल्या दोघांच्या तक्रारी सांगत असेल.

आता ती आली त्या दिवसाचं सांगते. तू चिठ्ठीवर माहेरचं आडनाव लिहिलंस.

मी सामान येतं त्या दालनात उभी होते. खुर्ची ढकलणारा उंच, शांत माणूस होता. आई खुर्चीत, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मला बघितल्यावर तिने एक हात उचलला आणि लगेच परत पर्सवर ठेवला, कारण पर्समध्ये पासपोर्ट होता. इतकी लहान झाली आहे ती. तू सांगितलं नव्हतंस.

त्या माणसाने माझं कार्ड आणि पत्र बघितलं, चिठ्ठी बघितली आणि खुर्ची दोन पावलं मागे घेतली. मी पुढे गेले तशी आणखी मागे घेतली. म्हणाला, "माफ करा, या नावाच्या बाईंनाच द्यायचं आहे."

मी हिची मुलगी आहे म्हटलं. तो म्हणाला, "असाल. पण सगळेच मुलगे-मुली असतात." वाईट स्वभावाचा नव्हता. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. मग म्हणाला, "प्रवाशाने स्वतः सांगितलं आणि सही केली तर मला नाव बदलता येतं. पण मला त्यांची भाषा येत नाही, आणि तुम्ही भाषांतर केलेलं चालणार नाही."

शेवटी तिथे फरशी पुसणाऱ्या एक बाई निघाल्या आपल्या भाषेच्या. त्यांना बोलावलं. त्या मॉप हातात घेऊनच आल्या. आईने त्यांना बघितलं आणि तिला एकदम हायसं वाटलं. पहिला प्रश्न आईनेच विचारला.

"तुमचं जेवण झालं का?"

"व्हायचंय अजून, आजी. आधी हे सांगा, ही समोरची बाई तुमची कोण?"

"मुलगी. धाकटी. लहानपणापासून अशीच आहे, रागाने लाल."

"नाव काय तिचं?"

आणि आईने माझं नाव सांगितलं, दादा. माझं, मग माझ्या नवऱ्याचं, मग त्याचं आडनाव. एकदाही न अडखळता. तिने त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. मी फोनवर त्याच्याबद्दल बोलायचे आणि ती नुसती "हं" म्हणायची, मला वाटायचं तिला ऐकायचंच नाही. तिने ते आडनाव कधी, कोणाशी म्हणून बघितलं होतं कोण जाणे.

फरशी पुसणाऱ्या बाईंनी त्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "मग चिठ्ठीवर वेगळं का आहे, विचारा."

त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "ते माझ्या मुलाने लिहिलंय. त्याला म्हणावं, तुझ्या आईने खोडलं." आणि तिने पेन मागितलं. चिठ्ठी पर्सवर ठेवून तू लिहिलेलं आडनाव खोडलं, एकच रेघ, पण दाबून. वर नवं लिहिलं, आपल्या लिपीत, कारण दुसरी तिला येत नाही. त्या बाईंनी शेजारी इथल्या लिपीत लिहिलं. मग आईने खाली सही केली, तिचं पूर्ण नाव घालून, अगदी सावकाश. मला वाटलं आता झालं. पण ती सही करून थांबली आणि आपल्याच नावाकडे बघत राहिली.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादाला लिहशील तेव्हा एक लिही. तो आपलं घराणं, आपलं नाव म्हणून एवढा छाती पुढे काढून फिरतो ना, ते मीसुद्धा लग्नातच घेतलं होतं. माझ्या भावाला त्या वेळी आवडलं नव्हतं. आता ते माझं झालं, आणि माझ्यामुळे त्याचं."

खुर्चीवाल्याने विचारलं, आजी काय म्हणाल्या? फरशी पुसणाऱ्या बाई म्हणाल्या, "काही नाही, घरचं आहे," आणि डोळे पुसून मॉप घेऊन गेल्या.

मग त्याने खुर्चीचे दांडे माझ्या हातात दिले. मी इतकी वर्षं लोकांच्या खुर्च्या नीट करतेय, पण अशी जड आणि अशी हलकी खुर्ची कधी हातात आली नव्हती.

दोन दिवस ती दुकानामागच्या खोलीत राहिली. दिवसभर मी काम करायचे आणि ती बाजूला बसून शिवणी तपासायची. एका जुन्या सोफ्याचं कापड काढताना आत माझ्या नवऱ्याने पूर्वी घातलेले टाके निघाले, तेव्हा तिला दाखवले. तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "हात सरळ होता हो जावईबापूंचा." जावईबापू म्हणाली. तुझ्या माहितीसाठी लिहिते.

आज तिला निरोप देताना मी तिच्याबरोबर जाऊ शकले नाही, तुला कारण माहीत आहे. ती मागे वळून बघत नव्हती, कारण वळली असती तर रडली असती आणि लोकांसमोर रडणं तिला आवडत नाही. मी मात्र रडले, सगळ्यांसमोर, आणि या वेळी तोंड धुतलं म्हणणार नाही. ती मला परत दिसणार नाही, दादा. हे मी आता लिहिते आहे आणि लिहूनही खरं वाटत नाही.

तुझ्यावर मी रागावलेली आहे. तो राग मी लपवणार नाही आणि कमीही करणार नाही. दोन्ही वेळा तू जाणूनबुजून लिहिलंस. पहिल्यांदा माझी वाट अडवलीस आणि दुसऱ्यांदा आईची. तरी ती माझ्याकडे पोचली.

आता आपल्या दोघांशिवाय या देशात आपलं कोणी नाही. तुला यावंसं वाटलं तर ये. मी कुठलाही कागद मागणार नाही, दार उघडेन. पण तिकीट काढताना, पत्ता विचारताना, टॅक्सीवाल्याला सांगताना तुला माझं नाव घ्यावं लागेल, कारण या गल्लीत मला दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही.